सातबारा दिसतो, मग पुराचं चित्र का नाही?

माळीण गाव गेल्याचं जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. नेहमीच्या फेरीवर निघालेल्या ड्रायव्हरला जिथं घरं दिसायची तिथं चिखलाचा ढीग दिसला आणि त्याने ते कळवलं. दीडशेहून अधिक माणसं त्या ढिगाखाली होती. भारताचा आयआरएस मालिकेतला पहिला उपग्रह मार्च १९८८मध्ये गेला होता. म्हणजे वरून जमीन बघायची विद्या आपल्याकडे तोवर सव्वीस वर्षं मुरलेली होती. तरी अख्खं गाव नाहीसं झालेलं पहिल्यांदा दिसलं ते एसटीच्या काचेतून.

तारखांमध्ये काही नसतं, पण हा योगायोग डोक्यातून जात नाही. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ला, वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमलावर डोंगर आला. आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून निसार हा इस्रो आणि नासाचा सामाईक उपग्रह उडाला. बारा मीटर व्यासाची त्याची जाळीदार तबकडी ढगांतून आरपार बघते आणि पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन दर बारा दिवसांत दोनदा न्याहाळते. त्या दिवशी टीव्हीवर टाळ्या वाजल्या. वाजायलाच हव्या होत्या. मी गेली कित्येक वर्षं नकाशांच्या कामात आहे, मीही वाजवल्या.

पण टाळ्या वाजवताना मनात एक हिशेब चालू होता. वरचा डोळा दर दोन-चार वर्षांनी आणखी तीक्ष्ण होतो, आणि खाली तलाठ्याच्या दप्तरात मात्र पुराचा पंचनामा अजून डोळ्यांनी बघून, अंगठे-सह्या घेऊन, पावसात भिजलेल्या कागदावर होतो. मधलं अंतर कुठे आहे? माझ्या मते ते तंत्राचं कमी आणि ताब्याचं जास्त आहे. चित्र कोणाच्या संगणकावर अडकून राहतं, कोणाला बघायला मिळतं, आणि ज्याच्या शेताचं ते चित्र आहे त्याला ते मागायचा हक्क आहे की नाही, इथे सगळं अडतं. म्हणून माझं मागणं साधं आहे. सरकारी पैशातून आलेलं आपत्तीचं प्रत्येक उपग्रहचित्र आणि त्यावरून काढलेला प्रत्येक नकाशा सातबाऱ्यासारखा उघडा असावा. कोणीही, कुठूनही, न विचारता बघावा.

हे म्हणायला सोपं आहे. ते का गरजेचं आहे हे कळायला मात्र पुराचं चित्र नेमकं कसं दिसतं ते बघावं लागेल.

माझं आजोळ शिरोळ तालुक्यातलं. कृष्णा आणि पंचगंगा जिथं मिळतात तो हा पट्टा. इथल्या माणसाला पूर नवा नाही. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी गाभाऱ्यातल्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि लोक त्या पाण्यात स्नानाला जातात. पावसाळ्यात पारावर, पानपट्टीवर, फोनवर एकच प्रश्न असतो : पाणी किती फुटावर? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० आणि ४५, हे इथे शाळेतल्या पोराला पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विनवर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि सतरा जणांचा जीव गेला.

पूर ओसरल्यावर, बऱ्याच दिवसांनी, मी युरोपच्या सेंटिनेल-१ या उपग्रहाची चित्रं उतरवून घेतली. ती कोणालाही फुकट मिळतात. ऑगस्टात आपल्याकडे साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह बिनकामाचा ठरतो, त्याला फक्त ढगांची पाठ दिसते. सेंटिनेल-१ रडारने बघतो. तो आपली लहर तिरकी खाली सोडतो आणि परत आलेली मोजतो. खडबडीत जमीन लहर इकडे-तिकडे उधळते, त्यातली थोडी माघारी येते आणि ती जागा चित्रात करडी दिसते. साचलेलं पाणी मात्र आरशासारखं गुळगुळीत. लहर त्यावर आपटून पुढच्या पुढे निघून जाते, माघारी काहीच येत नाही आणि ती जागा काळी ठिक्कर पडते. पूर ओळखायचा तो या काळेपणावरून.

मामांना लॅपटॉपवर ते दाखवलं. नदीचं वळण, मळीची रानं, काळे डाग सगळे ओळखीचे निघाले. मग ते आपला मळा शोधायला लागले. मळा करडा होता.

"म्हंजे तुझ्या उपग्रहाला माझा ऊस कोरडाच दिसला म्हण की," मामा म्हणाले. "मग छपरावर बसून आमी काय ऊन खात हुतो, लेका?"

मामांचं बरोबर होतं आणि चित्रही खोटं नव्हतं. त्या वेळी त्यांचा आडसाली ऊस वर्षाचा होत आला होता, दोन पुरुष उंच. सेंटिनेलची लहर साडेपाच सेंटिमीटरची. ती उसाच्या दाट पाल्यातच अडकते, खाली छातीभर पाणी असलं तरी तिथपर्यंत पोचत नाही. पेठेत आणखी गंमत. घरांच्या भिंती आणि खालचं पाणी मिळून कोपरा तयार होतो, लहर दोन्हींवर आपटून सरळ माघारी येते आणि बुडालेली गल्ली चित्रात उलट जास्तच उजळ दिसते. म्हणजे पुराचा नकाशा ज्या दोन ठिकाणी सर्वांत लंगडा पडतो ती नेमकी आपल्या पट्ट्यातली दोन मुख्य ठिकाणं : उसाचं रान आणि गावठाण.

निसारवर सुमारे चोवीस सेंटिमीटरची लांब लहर आहे, ती पाल्यातून खोल जाते. उसाखालचं पाणी तिला जास्त चांगलं दिसेल अशी रास्त आशा आहे. पण पाणी दिसलं तरी नुकसान दिसेलच असं नाही. उसाचा शेंडा पाण्याखाली गेला आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात, गाळ बसला की तो ऊस संपला. मात्र पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याच्या कांडीवरच्या डोळ्यांना पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात आणि रान वरून पुन्हा हिरवंगार दिसायला लागतं. हिरवेपणा मोजणारा उपग्रह त्याला पासाचे गुण देईल. बांधावर उभा असलेला कोणीही शेतकरी सांगेल की या हिरव्याचं वजन काट्यावर येणार नाही.

हे इतकं खोलात सांगतोय ते अशासाठी की पंचनाम्याचं काम हळूहळू याच चित्रांकडे सरकतंय. ई-पंचनाम्याचे प्रयोग राज्यात होऊन गेले. पीकविम्यात उत्पादनाचा अंदाज बांधताना उपग्रहाच्या आकड्याला वजन देणं सुरू झालं आहे. मला हे मुळात मान्य आहे. आजची पद्धत काही फार न्यायाची नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. पण मंडळात पर्जन्यमापक एक, गावं दहा-पंधरा, आणि ढग कोणत्या गावावर फुटायचं ते यंत्राला विचारून फुटत नाही. मग मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसान हवं. ते ३३ आहे की ३० हे भाऊसाहेबांनी बांधावरून ठरवायचं. (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. नाव लांबलं, सजा, म्हणजे वाट्याची गावं, तेवढाच.) एका माणसाकडे तीन-चार गावं, रस्ते बंद, वरून रोज अहवालाची मागणी. अशा वेळी वरून एका नजरेत सगळं दाखवणारं चित्र मिळत असेल तर ते वापरायलाच हवं.

फक्त वापरल्यावर तो पुरावा ठरतो. उद्या माझ्या मामांना कोणी म्हणालं की तुमच्या गटात पाणी आलंच नव्हतं, उपग्रहात दिसत नाही, तर त्यांनी काय करायचं? पंचनाम्यावर हरकत घेता येते, कारण त्याची प्रत मिळते, खाली पंचांच्या सह्या असतात, पंच गावातलेच असतात. चित्रावर हरकत घ्यायची तर ते आधी दिसायला हवं. ते कोणत्या तारखेचं, किती वाजताचं, कोणत्या उपग्रहाचं हे कळायला हवं. सेंटिनेलसारखा एकटा उपग्रह त्याच जागेवर त्याच वाटेने बारा दिवसांनी येतो. पूर मंगळवारी चढला, शनिवारी उतरला आणि उपग्रह रविवारी आला, तर चित्रात ओल दिसेल, पाणी दिसणार नाही. पण नकाशात रंग भरून झाला की तारीख कोपऱ्यात बारीक अक्षरात जाते आणि रंग तेवढा उरतो. न दिसणाऱ्या पुराव्यावर निकाल द्यायचा हे कुठल्याही चावडीवर चालणार नाही. मग आकाशातून आला म्हणून का चालावं?

इथे कोणी म्हणेल, सरकार कुठे लपवतं? हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुराचे नकाशे काढतं, उपग्रहचित्रं दाखवणारं इस्रोचं भुवन संकेतस्थळ २००९पासून चालू आहे. खरं आहे, आणि त्या केंद्रातल्या माणसांच्या कामाबद्दल मला आदर आहे. वायनाडच्या वेळी त्यांनी दुसऱ्याच दिवशीच्या चित्रांवरून सांगितलं की दरड १५५० मीटर उंचीवर सुटली, सुमारे ८६ हजार चौरस मीटर जमीन घसरली आणि राडारोडा आठेक किलोमीटर वाहत गेला. त्याच जागी जुन्या दरडीची खूण असल्याचंही त्यांनीच दाखवलं. ऑक्टोबर २०२३मध्ये सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक तळं फुटलं तेव्हा त्यांनी आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी शेजारी ठेवली : २८ सप्टेंबरला १६७ हेक्टर पसरलेलं तळं ४ ऑक्टोबरला ६० हेक्टरांवर आलेलं. शंभरावर हेक्टरांचं पाणी तीस्तेत उतरलं होतं. ही चित्रं लगेच सगळ्यांसमोर आली आणि त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही.

पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला जोशीमठ झालं होतं. तिथे आठशेहून अधिक घरांना तडे गेले होते. याच केंद्राने चित्रांची तुलना करून प्राथमिक अहवाल दिला : २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत शहराचा मधला भाग ५.४ सेंटिमीटर खचला. त्याआधी एप्रिल ते नोव्हेंबर या काळात खचणं सुमारे नऊ सेंटिमीटर होतं. म्हणजे सात महिन्यांत जे झालं त्याच्या निम्म्याहून जास्त बारा दिवसांत. जोशीमठात राहणाऱ्याला या दोन आकड्यांहून महत्त्वाचं काय असू शकतं? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने १३ जानेवारीला पत्र काढलं की संस्थांनी माध्यमांशी बोलू नये, माहिती परस्पर टाकू नये, त्याने गोंधळ माजतो. अहवाल संकेतस्थळावरून उतरला. वेगवेगळ्या संस्थांचे अभ्यास मग महिनोन्‌महिने बंद राहिले. सप्टेंबरमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने, हे अहवाल लोकांपासून दडवायचं कारण काय, असं विचारलं तेव्हा ते बाहेर आले.

प्राधिकरणाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ५.४ सेंटिमीटर हा एका भागाचा आकडा होता आणि बातम्यांत तो पुऱ्या शहराचा झाला. कच्चा अहवाल कच्चा असतो. घाईत वाचलेलं रडारचं चित्र फसवतं हे मी वर उसाच्या गोष्टीत सांगितलंच. पण यावर उपाय म्हणून चित्रच काढून घेणं म्हणजे ताप चुकीचा वाचला म्हणून थर्मामीटर फेकण्यातला प्रकार झाला. अहवालासोबत चार सोप्या ओळी द्यायच्या, हे कुठल्या भागाचं आहे, किती खात्रीचं आहे, जागेवर तपासलं आहे की नाही. हवामान खातं रोज हेच करतं.

आणि लोक घाबरतात ही समजूत कुठून आली? आमच्याकडे पुराच्या दिवसांत राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ४१ फूट, ४१ फूट चार इंच, ४२. कोणीही हा आकडा लपवा म्हणत नाही. ४३ जवळ आलं की लोक जनावरं सोडतात, धान्य माळ्यावर टाकतात, म्हातारी माणसं पाहुण्यांकडे पोचवतात. आकड्याने गोंधळ माजत नाही, आकडा कळला नाही की माजतो. २०१९मध्ये सर्वांत जास्त घबराट कुठल्या खऱ्या माहितीने केली नव्हती. अमुक धरण फुटलं, तमुक धरणाचे सगळे दरवाजे उघडले, अशा अफवांनी केली होती, आणि त्या पसरल्या कारण खरी गोष्ट दाखवणारं काही हातात नव्हतं.

देशाच्या सुरक्षेचा मुद्दा काढला जातो. त्याचं उत्तर सरकारनेच देऊन ठेवलं आहे. २०२३च्या अंतराळ धोरणानुसार इस्रोची पाच मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रं सगळ्यांना फुकट आणि खुली असायची आहेत. पूर कुठे आला हे सांगायला पाच मीटर पुष्कळ झाले. शिवाय माझ्या मामांच्या मळ्याचं चित्र मला युरोप फुकट देतंय, अमेरिकेने आपल्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा सगळा साठा २००८मध्येच फुकट करायचं ठरवलं. जे जगाला दिसतंय ते शिरोळच्या शेतकऱ्याला दिसू न देण्याने कोणती सीमा राखली जाते?

खरं अडतं ते वेगळीकडेच, आणि त्याबद्दल मोठ्याने कोणी बोलत नाही. पुराच्या नकाशाने जमिनीचा भाव पडतो. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन रेषा कुठून जातात त्यावर एकरी किती आणि चौरस फुटाला किती हे ठरतं. रेषा कागदावर सरकली की कोणाचं तरी भलं होतं. पाणी मात्र रेषा वाचत नाही, ते २०१९ला आलं, २०२१ला आलं, पुण्यात एकतानगरीत २०२४च्या जुलैमध्ये शिरलं. प्रत्येक पुराचं तारीखवार चित्र उघडं असेल तर फ्लॅट घेणारं जोडपं बिल्डरच्या कार्यालयात जायच्या आधी घरी बसून बघेल की या जागेवर किती वेळा पाणी आलं. ज्यांचं यात नुकसान आहे ते हळू आवाजात सुरक्षा आणि घबराट यांची काळजी करतात, असा माझा संशय आहे. सिद्ध करता येणार नाही, पण तो संशय जात नाही.

आता डोंगराकडे. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाडीला रस्ता नव्हता. जेसीबी वर जाऊ शकला नाही, हवामानाने हेलिकॉप्टर उडालं नाही, जवान आणि गिर्यारोहक चिखलातून पायी चढले. दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगितलं गेलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

उपग्रहाने ती दरड आधी सांगितली असती का? मी प्रामाणिकपणे म्हणेन, बहुधा नाही. सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर तिरकी लहर पडली की डोंगराची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत बुडते. दाट झाडीत जमिनीचं सेंटिमीटरचं सरकणं लहान लहरीला पकडता येत नाही. निसारच्या लांब लहरीने ते थोडं सुधारेल. पण कुठल्या क्षणी कडा सुटेल हे कुठलाही उपग्रह सांगत नाही, आणि सांगतो असं जो म्हणेल त्याच्याकडून काही विकत घेऊ नये. उपग्रहाला सांगता येतं ते इतकंच : हा उतार किती तीव्र, इथे जुनी दरड कधी आली होती का, मागच्या पावसाळ्यापासून वरची झाडी कुठे विरळ झाली, कुठे रस्ता खोदला, पाणी आता कुठून वाहतं. यातून यादी तयार होते.

ती यादी कशी होते आणि कोण तपासतं, इथे उघडेपणाचा उपयोग आहे. वरच्या कार्यालयात बसून ठरवलेल्या यादीतून एक वाडी निसटते, कारण तिचं नाव मुळात नकाशावर नसतं. कोकणात आणि घाटात अशा शेकडो वाड्या आहेत. महसुली गावाचा ठिपका असतो दरीत, आणि माणसं राहतात त्याच्या वर दोन तास चढून. चित्र उघडं असेल तर पनवेल-महाडच्या कॉलेजातली पोरं एका सुट्टीत त्या वाड्यांवर नावं टाकतील. हे स्वप्नरंजन नाही. २०१०च्या हैतीच्या भूकंपानंतर चित्रं खुली केली गेली आणि जगभरच्या हौशी लोकांनी घरबसल्या पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते नकाशावर काढले, बचावपथकांनी तेच वापरले. आपल्याकडे तर डोंगर चढून जाऊन विचारणारीही पोरं आहेत. गडावर दर रविवारी जी गर्दी असते, तिच्यातल्या निम्म्यांना त्या वाडीतल्या कोणाचं तरी घर ठाऊक असतं, कारण तिथे त्यांनी पिठलं-भाकरी खाल्लेली असते.

उघडं म्हणजे नुसतं संकेतस्थळावर टाकलेलं नव्हे, हेही सांगायला हवं. एकदा एका कार्यालयात मी पुराचा नकाशा भिंतीवर लावलेला पाहिला. इंग्रजी अक्षरं, जिल्ह्याची हद्द, निळे डाग, कोपऱ्यात उपग्रहाचं नाव. ज्यांच्यासाठी तो आला होता ते कारकून मला विचारत होते, यात आमचं गाव कुठलं? नकाशा बिनचूक होता आणि त्या खोलीत त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्याच संगणकावर एका टिचकीत गावाचा गट नंबरांसह नकाशा निघत होता, कारण भूमी अभिलेखाने गावनकाशे केव्हाच ऑनलाइन केले आहेत. हे दोन कागद एकमेकांवर ठेवायचं काम तेवढं कोणाच्या जबाबदारीच्या यादीत नव्हतं.

म्हणून मी सरकारला उपग्रह मागत नाही, ते आहेत. मला हवा आहे फुटांचा नकाशा. सेंटिनेलची चित्रं २०१४च्या अखेरीपासून साठलेली आहेत, आपल्या ईओएस-०४ या रडार उपग्रहाची २०२२पासून. आयर्विन आणि राजारामची रोजची पातळी जलसंपदा खात्याच्या वहीत आहे. प्रत्येक जुन्या चित्रावर त्या दिवशीचा फूट लिहायचा. ४३ला कोणते गट जातात, ४७ला कोणता रस्ता तुटतो, ५२ला कोणती शाळा बेट होते. उसाच्या रानात आणि गावठाणात चित्र आंधळं आहे, तिथे पोलीस पाटलाने आणि गावकऱ्यांनी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा बघून भर घालायची. ही खूण जवळपास प्रत्येक घरात असते, चुन्याने तारीख लिहिलेली. मग पुढच्या पुरात उपग्रह येईपर्यंत थांबावं लागणार नाही. पाणी ४३वर आलं की गावाने ४७चा नकाशा उघडायचा. याला खर्च येतो तो काही माणसांच्या काही महिन्यांच्या पगाराचा.

आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५मध्ये दुरुस्ती झाली, तीत राज्यांनी आपत्तीचा माहितीसाठा ठेवायचा आहे. तो साठा बंद कपाट होणार की चावडीवरचा फळा, हे राज्याच्या नियमांत लिहिता येईल. लिहायचं एवढंच : नुकसानभरपाई ठरवताना चित्र वापरलं असेल तर ते तारीख-वेळेसह, गट नंबरासह त्या शेतकऱ्याला दाखवावं आणि त्यावर हरकत घ्यायला मुदत द्यावी. पूर आणि दरडीचे नकाशे काढल्यापासून चोवीस तासांत मराठीत खुले व्हावेत, कच्चे असले तर कच्चे म्हणून.

सातबाऱ्याचीही एके काळी हीच रड होती. उतारा बघायचा तर भाऊसाहेबांच्या मागे फिरायचं, ते बाजारच्या दिवशी भेटणार, वही घरी राहिलेली असणार. लोकांना उतारे उघडे केले तर भांडणं वाढतील, असं तेव्हाही म्हणणारे होते. भांडणं होतीच, ती आता निदान कागद समोर ठेवून होतात. पंधरा रुपयांत सही-शिक्क्याचा उतारा मोबाइलवर येतो.

मामांनी त्या दिवशी लॅपटॉप बंद करायच्या आधी एक काम केलं. चष्मा पुसला, मळ्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, हितं लिव्ह, सात फूट, विहिरीच्या मोटरपेटीला खूण हाय. मी लिहिलं. मग शेजारच्या गटावर बोट गेलं, तिथलंही त्यांना माहीत होतं. तासाभरात त्या करड्या पट्ट्यावर अकरा आकडे चढले.